साहेबाचे कट्टे आणि तीन रेषा

१८ ऑगस्ट जवळ आला की एक मेसेज फॅमिली ग्रुपवर, शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर, स्पर्धा परीक्षांच्या चॅनेलवर हमखास येतो. शब्द बदलतात, गाभा तोच. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला. सोबत पुरावा म्हणून किल्ल्यावरच्या दगडी ओट्यांचा फोटो. गावात त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. त्या दिवशी किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो.

या मेसेजमधल्या तीन गोष्टी खऱ्या आहेत. १८ ऑगस्ट १८६८ ला भारतातून खग्रास ग्रहण दिसलं आणि पुढे हेलियमची ठरलेली पिवळी रेषा त्यात अनेकांनी पाहिली, हे खरं. हेलियमच्या इतिहासात लॉकियर यांचं नाव पहिल्या रांगेत आहे, हेही खरं. आणि लॉकियर यांनी विजयदुर्गावर तळ ठोकून खग्रास ग्रहण पाहिलं, हे तर अगदी खरं. पण ते ग्रहण १८६८ चं नव्हतं. ते २२ जानेवारी १८९८ चं होतं. मधे जवळपास तीस वर्षं आहेत. डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिन्ही टेबलांतल्या नोंदी बरोबर, पण जोडताना की चुकली. निकाल दिसायला नीटनेटका आणि तरी चुकीचा.

'फेक' म्हणून शिक्का मारून पुढे जाता येईल. पण या चुकीच्या जोडणीत एक जास्त चांगली गोष्ट दबून गेली आहे. तिच्यात जमखंडी आहे, सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर स्टेशन आहे, पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे आणि आपण जवळजवळ विसरलेला एक भारतीय शास्त्रज्ञ आहे. आणि तिच्या मुळाशी आहे एक इलेक्ट्रॉन, जो अणूला जाऊन धडकतो.

जमखंडी, ऑगस्ट १८६८

त्या दिवशी चंद्राची सावली अरबी समुद्रावरून आली, पश्चिम किनारा ओलांडून जमखंडी, विजापूर, गुंटूर असा प्रवास करत मच्छलीपट्टणमपाशी बंगालच्या उपसागराकडे गेली. गुंटूरला खग्रास अवस्था पाच मिनिटांहून जास्त टिकणार होती. इतकं लांब ग्रहण क्वचित मिळतं, म्हणून युरोपातून माणसं आणि यंत्रं निघाली.

यंत्रांत सगळ्यात नवं होतं वर्णपटदर्शक. प्रकाश त्यातून गेला की रंगांचा पट्टा होतो आणि तापलेल्या वायूचा प्रकाश असेल तर पट्ट्याऐवजी सुट्या, चमकदार रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी. किरचॉफ आणि बुन्सेन यांनी हे जर्मनीत नीट मांडून दहा वर्षंही झाली नव्हती. खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेला लालसर ज्वाला दिसतात, त्या कशाच्या आहेत, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. रेषा दिसल्या तर त्या वायूच्या.

रॉयल सोसायटीने पाठवलेले लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला थांबले. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं. आज ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. ऑगस्ट म्हणजे पावसाळा. ढग आड येत होते. ग्रहणाच्या बाबतीत पावसाळा काय करू शकतो हे आम्हा नंदुरबारकरांना माहीत आहे: २२ जुलै २००९ च्या सकाळी सुरत, नंदुरबार, इंदूर, भोपाळ अशी खग्रास सावली गेली, आणि त्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी लोकांच्या वाट्याला सूर्य आलाच नाही, फक्त सकाळी झालेला अंधार आला. हर्शेल यांचं नशीब थोडं बरं होतं. ढगांच्या फटीतून त्यांना तीन ठळक रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी.

विजापूरला कॅप्टन हेग होते. गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले ज्यूल जान्सेन. मच्छलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पोगसन. सगळ्यांना रेषा दिसल्या. ज्वाला वायूच्या आहेत आणि त्यांत मुख्यतः हायड्रोजन आहे, हे त्या दिवशी पक्कं झालं.

राहिली ती नारिंगी-पिवळी रेषा. ती सोडियमच्या ओळखीच्या जागेपाशी होती. सोडियमचा पिवळा आपण रोज पाहतो: गॅसवर मीठ घातलेलं भाताचं पाणी उतू गेलं की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, तोच तो. त्या रंगाच्या रेषांना 'डी' हे नाव होतं. हर्शेल यांना आपली रेषा डीवरच बसलेली वाटली. पोगसन यांनी ती डीवर किंवा डीजवळ असल्याची नोंद केली. गडबडीच्या त्या पाच मिनिटांत याहून बारीक मोजणं कठीण होतं. नव्या मूलद्रव्याचा दावा त्या दिवशी कोणीच केला नाही.

जान्सेन यांना मात्र दुसरीच गोष्ट सुचली. या रेषा इतक्या तेजस्वी आहेत की ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात! दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी उगवत्या सूर्याच्या कडेवर यंत्र रोखलं आणि त्या दिसल्या. तिकडे लंडनमध्ये लॉकियर दोन वर्षं हीच कल्पना डोक्यात घेऊन चांगल्या यंत्राची वाट पाहत होते. ते पेशाने युद्ध खात्यातले कारकून. खगोलशास्त्र हा फावल्या वेळचा नाद. ऑक्टोबरमध्ये यंत्र हाती आलं आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्यांनाही रेषा दिसल्या, ग्रहणाशिवाय, लंडनच्या आकाशात. दोघांचीही पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं.

आता घाई नव्हती. रोज सूर्य होता. लॉकियर यांनी निवांत मोजलं आणि पिवळी रेषा सोडियमची नाही हे दाखवलं. आजच्या आकड्यांत सांगायचं तर सोडियमच्या दोन रेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरला, आणि ही ५८७.६ ला. फरक जेमतेम १.४ नॅनोमीटर. तिला डी-३ म्हणू लागले. प्रयोगशाळेतल्या कुठल्याच पदार्थात ती सापडेना, तेव्हा लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्या चर्चेतून सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हे नाव आलं. अनेकांनी ते थट्टेवारी नेलं. १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्से यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा मिळाली, तेव्हा थट्टा थांबली.

म्हणजे हेलियमचा शोध लागला तो एका दिवशी, एका किल्ल्यावर नव्हे. जमखंडीपासून मच्छलीपट्टणमपर्यंतच्या नोंदी, लंडनमधलं मोजमाप आणि प्रयोगशाळेतला वायू, असा तो सत्तावीस वर्षं चालला.

ट्यूबलाइटमधली धडक

रेषा दिसते म्हणजे नेमकं काय होतं, हे १८६८ मध्ये कोणालाच माहीत नव्हतं. इलेक्ट्रॉन सापडायलाही तीस वर्षं होती. ते समजून घ्यायला आपल्या घरातली ट्यूबलाइट पुरेशी आहे.

सातपुड्याच्या पायथ्याला, तळोदा-धडगावकडे, उन्हाळ्यातल्या संध्याकाळी व्होल्टेज पडलं की काय होतं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवेल. जुना पिवळा बल्ब मंद होतो, लालसर होतो, पण जळत राहतो. ट्यूबलाइट मात्र लुकलुकते, टोकांना लाल होते आणि पेटतच नाही. बल्बची तार तापते. कमी वीज, कमी उजेड. ट्यूबचा कारभार वेगळा आहे. तिच्यात पाऱ्याची विरळ वाफ असते. वीज इलेक्ट्रॉनना पळवते आणि ते पाऱ्याच्या अणूंना धडकतात. इलेक्ट्रॉनकडे पुरेशी ऊर्जा नसेल तर तो टप्पा खाऊन उडतो, अणूला आतून काहीच होत नाही. पुरेशी असेल तर अणू ती गिळतो आणि उत्तेजित अवस्थेत, म्हणजे वरच्या पायरीवर, जातो. आणखी जास्त असेल तर अणूतला इलेक्ट्रॉनच सुटतो आणि ट्यूबमधली वीज चालू राहते. वरच्या पायरीवर गेलेला अणू खाली उतरताना ती ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतो. ट्यूबमध्ये हा प्रकाश अतिनील असतो, डोळ्याला न दिसणारा. काचेच्या आतला पांढरा लेप त्याचा दिसणारा उजेड करतो.

पायऱ्या ठरलेल्या असतात, अधेमधे उभं राहता येत नाही. म्हणून रेषा ठरलेल्या जागी येतात. बर्लिनमध्ये १९१४ साली जेम्स फ्रँक आणि गुस्टाव हर्ट्झ यांनी हे मोजलं. पाऱ्याच्या वाफेतून त्यांनी इलेक्ट्रॉन सोडले आणि व्होल्टेज हळूहळू वाढवलं. प्रवाह वाढत गेला आणि ४.९ व्होल्टपाशी धाडकन पडला. इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा धडकेत गमावून बसले होते. पुन्हा वाढला, पुन्हा ४.९ व्होल्टनंतर पडला. आणि वाफेतून २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघाला, ज्याच्या एका कणाची ऊर्जा बरोब्बर तेवढीच, ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. अणूच्या आतल्या पायऱ्यांचा हा थेट पुरावा होता. त्याबद्दल दोघांना १९२५ चं नोबेल मिळालं.

हेलियमची दोन घराणी

पाऱ्याची पहिली पायरी ४.९ वर. हेलियमची? १९.८. कुठल्याही अणूची पहिली पायरी इतकी उंच नाही. सूर्याच्या पृष्ठभागावर साडेपाच हजार अंश सेल्सियस तापमान आहे, पण तिथल्या कणांकडे सरासरी एक इलेक्ट्रॉन-व्होल्टसुद्धा नसतो. म्हणून रोजच्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात सोडियम, लोखंड, कॅल्शियम यांच्या काळ्या रेषा गर्दी करून असतात आणि सूर्यातलं दोन नंबरचं मूलद्रव्य, हेलियम, तिथे हजेरीच लावत नाही. ते दिसतं कडेवरच्या ज्वालांत, पृष्ठभागाच्या वर, जिथे प्रभामंडळातून येणारा अतिनील प्रकाश त्याचे इलेक्ट्रॉन उडवून लावतो, परतणारे इलेक्ट्रॉन पायऱ्या उतरत येतात, आणि जिथे जास्त तापलेलं आहे तिथे धडकाही कामाला येतात. हे शोधायला आधी ग्रहणच का लागलं, याचं उत्तर त्या १९.८ मध्ये आहे.

१८९५ मध्ये हेलियम नळीत भरता आला आणि एक नवीनच पेच उभा राहिला. रुंगे आणि पाशेन या जर्मन जोडीला त्याच्या रेषांची दोन वेगळी घराणी सापडली. एकाच्या पायऱ्यांवरून दुसऱ्याच्या पायऱ्यांवर उडी पडत नाही. दोघांत जवळजवळ रोटीबेटी व्यवहारच नाही. त्यांना वाटलं, हे दोन वायूंचं मिश्रण असावं. तसं नव्हतं. हेलियममध्ये दोन इलेक्ट्रॉन असतात. त्यांची फिरकी एकमेकींच्या उलट असेल तर एक घराणं, सारखी असेल तर दुसरं. हे नीट सांगायला १९२६ साली हायझेनबर्ग यावे लागले.

आपली पिवळी रेषा दुसऱ्या घराण्यातली आहे. पण तळाशी बसलेला हेलियम पहिल्या घराण्यातला असतो, आणि नुसता प्रकाश पाडून त्याला दुसऱ्या घराण्यात नेता येत नाही, कारण प्रकाश फिरकी सहसा बदलत नाही. मग नळीतल्या हेलियममधून ती रेषा निघते कशी? इथे धडकेचं खरं वैशिष्ट्य कळतं. बाहेरून आलेला इलेक्ट्रॉन अणूतच राहतो आणि आतला बाहेर पडतो. गर्दीच्या एस.टी.त थांब्यावर एक जण चढला आणि त्याच्या जागी दुसराच उतरला, तसं. डोकी तेवढीच, पण आत बसलेल्यांची फिरकी बदललेली. इलेक्ट्रॉन सगळे सारखेच असल्यामुळे कोण आला, कोण गेला हे वेगळं सांगताही येत नाही. अशा अदलाबदलीने दुसऱ्या घराण्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर पोचलेला हेलियमचा अणू एकटा सोडला तर सरासरी दोन तासांहून जास्त तिथे अडकून राहतो. अणूंच्या जगात दोन तास म्हणजे युगं.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फिजिक्सच्या लॅबमध्ये अनेकांनी लाल लेसर भिंतीवर पाडला असेल. तो हेलियम-निऑनचा असेल तर त्यात हेच चाललेलं असतं: इलेक्ट्रॉन हेलियमला धडकून वर चढवतो, खाली यायचा रस्ता न सापडलेला हेलियम निऑनला धडकून ऊर्जा त्याच्या हवाली करतो आणि निऑन लाल प्रकाश देतो. आपण मात्र जर्नलमध्ये रीडिंग भरून बाहेर पडतो.

आता विजयदुर्ग

१८९८ पर्यंत लॉकियर 'सर' झाले होते आणि त्यांनी सुरू केलेलं 'नेचर' हे नियतकालिक जगभर वाचलं जात होतं. भारतात ग्रहण पाहायला ते आधीही आले होते, १८७१ मध्ये, आणि तेव्हाही एका समुद्रकाठच्या किल्ल्यावर: आजच्या केरळमधल्या बेकलला. २२ जानेवारी १८९८ ची सावली भर दुपारी कोकणात शिरणार होती आणि तिथून जेऊर, पुढे विदर्भात तळणी आणि पुलगाव अशी ईशान्येकडे जाणार होती. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, पण महिना जानेवारीचा. आकाशाची काळजी नव्हती.

काळजी दुसरी होती. मुंबई-पुण्यात प्लेगचं थैमान होतं. पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याला सात महिने झाले होते. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. अशा वेळी महाराष्ट्राच्या आडव्या पट्ट्यात जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तळ देऊन होते. तळणीला अ‍ॅनी आणि वॉल्टर माँडर हे दांपत्य आणि जॉन एव्हरशेड. पुलगावला न्यूऑल. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, एक जपानी तुकडी आणि पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला. विजयदुर्गावर लॉकियर, त्यांचे सहकारी फाउलर आणि मदतीला 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे कॅप्टन आणि खलाशी. जड यंत्रांना पक्का, न हलणारा आधार लागतो. साहेबाचे कट्टे ही त्या तळाची आठवण मानणंच सरळ आहे.

त्या दुपारी हेलियम शोधायचा नव्हता. तो सापडून तीन वर्षं झाली होती. या वेळी प्रश्न हिरव्या रेषेचा होता.

१८६९ च्या ग्रहणात अमेरिकेत यंग आणि हार्कनेस यांना सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा दिसली होती. तीही पृथ्वीवरच्या कशाशी जुळेना. हेलियमचा दाखला समोर होता, म्हणून तिच्यासाठीही एक नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं: 'कोरोनियम'. आणि जवळपास तीस वर्षं तिची जागा ५३१.७ नॅनोमीटर धरली जात होती, कारण तिथे लोखंडाची एक ओळखीची रेषा आहे आणि ग्रहणात तीही चमकते. दोन शेजारी एकच समजले गेले होते.

१८९८ च्या तळांवर वर्णपट डोळ्याने पाहून लिहून घेण्याऐवजी छायाचित्रांत पकडायची तयारी होती. लॉकियर यांच्या कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लोलक होता. अशा छायाचित्रात प्रत्येक रेषा सूर्याच्या कडेच्या आकाराची उमटते. खालच्या थरातल्या लोखंडाची रेषा बारीक कमानीसारखी येते, तर प्रभामंडळाची हिरवी रेषा पूर्ण, पसरट कड्यासारखी. वेगळेपण काचेवर उघड दिसतं. विजयदुर्ग आणि जेऊरच्या काचा मोजल्यावर हिरव्या कड्याची जागा निघाली ५३०.३ नॅनोमीटर. पुन्हा तोच १.४ नॅनोमीटरचा फरक, जो लॉकियर यांनी तीस वर्षांपूर्वी पिवळ्या रेषेच्या बाबतीत पकडला होता.

विजयदुर्गाला सांगण्यासारखं आहे ते हे. तिथे नवं मूलद्रव्य सापडलं नाही. तिथे तीस वर्षं चालत आलेला एक चुकीचा आकडा दुरुस्त झाला.

जेऊरचा माणूस

नायगमवाला यांच्याविषयी आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारा हा पारशी तरुण. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वेधशाळेसाठी ५,००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. १८८४ मध्ये नायगमवाला इंग्लंडला गेले, लॉकियर यांना भेटले, आणि ही वेधशाळा वर्णपटाच्या अभ्यासाला वाहिलेली असावी असं ठरलं. ती उभी राहिली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. ते कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी. तिथल्या वीस इंची आरशाच्या दुर्बिणीएवढी मोठी दुर्बीण तेव्हा भारतात दुसरी नव्हती.

त्या दुर्बिणीतून नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाची रेषा पाहिली. मृग नक्षत्राच्या तलवारीत साध्या डोळ्यालाही एक धूसर ठिपका दिसतो, तोच. त्याच्या प्रकाशात ५००.७ नॅनोमीटरला आणखी एक बेवारस हिरवी रेषा होती. लॉकियर यांचं मत होतं की ती मॅग्नेशियममुळे येते आणि तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे. तसं असतं तर रेषेची एक कड पुसट दिसायला हवी होती. १८९१ मध्ये नायगमवालांनी आपलं निरीक्षण लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं: रेषा बारीक आणि रेखीव आहे.

ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, ज्यांचा शब्द तेव्हा इंग्लंडमध्येही वजनदार होता, त्यांच्या सिद्धांताविरुद्ध जाणारी नोंद पुण्याच्या प्राध्यापकाने १८९१ च्या वसाहती भारतात केली. आरडाओरडा नाही, भाषण नाही. दिसलं ते लिहिलं. सात वर्षांनी ते जेऊरला गेले आणि त्या ग्रहणाचा अहवाल त्यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद केली गेली. यंत्रं तमिळनाडूतल्या कोडाईकनालला गेली. पुण्यात ती परंपरा तिथेच तुटली.

तीन रेषांचं काय झालं

पुण्यातून पाहिलेल्या रेषेलाही एक कल्पित मूलद्रव्य मिळालं होतं: 'नेब्युलियम'. म्हणजे तीन रेषा आणि तीन नावं, हेलियम, कोरोनियम, नेब्युलियम. पहिलं खरं निघालं. उरलेली दोन निघाली नाहीत.

१९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की तेजोमेघातली हिरवी रेषा साध्या ऑक्सिजनची आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या. तिथले मोकळे इलेक्ट्रॉन त्याला धडकतात आणि अडीच इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पायरीवर चढवतात. तिथून खाली यायला त्याला सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. आपल्या प्रयोगशाळेत तेवढ्यात दुसरी असंख्य टक्करं बसतात आणि ऊर्जा प्रकाश न होताच निघून जाते. तेजोमेघ इतका विरळ आहे की पुढची टक्कर यायच्या आत अणूला प्रकाश टाकायला सवड मिळते. म्हणून रेषा तिथे दिसते आणि पृथ्वीवर दिसत नव्हती.

१९४० च्या आसपास जर्मनीत ग्रोट्रिआन आणि स्वीडनमध्ये एडलेन यांनी प्रभामंडळाचं कोडं सोडवलं. कोरोनियम म्हणजे लोखंड, पण तब्बल तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. लोखंडाची अशी दशा करायची तर धडकणारे इलेक्ट्रॉन दहा लाख अंशांहून जास्त तापलेले हवेत. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांवर आणि त्याच्या बाहेरचं विरळ प्रभामंडळ दहा लाखांच्या वर! ते इतकं तापतं कसं, यावर आजही काम चालू आहे. भारताचं आदित्य-एल१ यानही त्यासाठी सूर्याकडे पाहत बसलं आहे. एडलेन यांचं उत्तर हिशेबाच्या काट्यावर टिकलं: प्रयोगशाळेतल्या मोजणीवरून या लोखंडाची रेषा कुठे पडेल ते काढायचं आणि आकाशातल्या रेषेशी ताडायचं. आकाशातला आकडा ५३१.७ च राहिला असता तर काही जुळलं नसतं. तो ५३०.३ होता, कारण चार दशकांपूर्वी विजयदुर्ग आणि जेऊरला कोणीतरी नीट मोजलं होतं.

मेसेजला उत्तर

'हेलियम महाराष्ट्रात सापडला' हे वाक्य गोड आहे. ते फॉरवर्ड करणाऱ्यांचं मन खोटं नसतं. आपल्या मातीचा विज्ञानाशी संबंध असावा असं कोणाला वाटणार नाही? पण त्या वाक्यात आपल्या वाट्याला येते ती फक्त जागा. साहेब आला, आपल्या किल्ल्यावर उभा राहिला, शोध लावून गेला. आपण कट्टा पुरवला. खऱ्या गोष्टीत आपल्याकडचा माणूस वर्णपटासमोर बसलेला आहे आणि साहेबाच्या म्हणण्याविरुद्ध जाणारी नोंद छापतो आहे. या गोष्टीला चुकीच्या जोडणीची गरज नाही.

नंदुरबारच्या किंवा देवगडच्या नववीतल्या एखाद्या मुलीने हा मेसेज खरा मानून निबंधात लिहिला आणि उद्या पुस्तकात तारीख वेगळी सापडली, तर तिच्या मनात शंका फक्त मेसेजविषयी येणार नाही. आपल्याकडे विज्ञान झालं होतं यावरचाच विश्वास तिथे थोडा झिजेल. तेवढं टाळायला हेलियम दिन बंद करायचं कारण नाही. त्याच दिवशी जमखंडीचं नाव घ्यावं, आणि २२ जानेवारीला विजयदुर्ग-जेऊरची आठवण काढावी. कट्टे आहेत तिथेच आहेत.

पुढच्या १८ ऑगस्टला तो मेसेज आला की वाद घालू नका. उत्तरात तीन ओळी पाठवा. पिवळी रेषा १८६८ मध्ये जमखंडीपासून मच्छलीपट्टणमपर्यंत दिसली आणि लॉकियर यांनी ती लंडनमध्ये मोजली. प्रभामंडळाची हिरवी रेषा १८९८ मध्ये विजयदुर्ग आणि जेऊरला दुरुस्त झाली. आणि मृगातली हिरवी रेषा पुण्यात, आज सीओईपी असलेल्या कॉलेजात, कावसजी नायगमवाला यांनी १८९१ मध्ये जशी दिसली तशी नोंदवली.